अडसराची गोष्ट : प्रणयसुखात्मिका यशस्वी का होते?

मराठी समीक्षेने शोकात्मिकेवर जेवढी शाई खर्च केली तिच्या दशांशानेही ती सुखात्मिकेवर केलेली नाही. ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’तला सुखात्मिकेवरचा भाग आपल्यापर्यंत पोचला नाही, हे कारण पुढे करून आपण सुटका करून घेत आलो आहोत. सुखात्मिकेची ही गत, तर प्रणयसुखात्मिकेची आणि त्यातही चित्रपटातल्या प्रणयसुखात्मिकेची काय कथा! ‘दोन घटका करमणूक’ या शिक्क्याखाली तिची बोळवण होते. परंतु हा प्रकार मुळीच सोपा नाही. दोन तरुण माणसे शेवटी एकत्र येणार, हे तिकीट काढतानाच प्रेक्षकाला ठाऊक असते. शेवट आधीच माहीत असलेली गोष्ट दोन तास जीव लावून पाहायला लावणे म्हणजे फार मोठी कलात्मक जोखीम आहे. बहुतेक चित्रपट तिच्यात आपटतात, थोडे तरतात आणि अगदी मोजके पन्नास-पाऊणशे वर्षे टिकतात. ते का टिकतात, याचा शोध इतिहासाच्या अंगाने घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : प्रणयसुखात्मिकेचे यश नायक-नायिकांच्या रूपावर किंवा गाण्यांवर जेवढे अवलंबून असते त्याहून अधिक ते दोघांच्या मध्ये काय उभे आहे, यावर अवलंबून असते. या मध्ये उभ्या असलेल्या गोष्टीला आम्ही ‘अडसर’ म्हणतो. अडसर घराच्या दाराला आतून लावलेला असतो आणि तो काढताही येतो, म्हणून हा शब्द आम्हाला ‘अडथळा’ या शब्दापेक्षा जवळचा वाटतो. कोणत्या काळात, कोणत्या समाजात, कोणता अडसर प्रेक्षकाला खरा वाटला आणि तो कुणी, कसा काढला, याचा इतिहास म्हणजेच या प्रकाराच्या यशापयशाचा इतिहास होय.

जुना सांगाडा

या सांगाड्याचे वय चित्रपटाहून फार मोठे आहे. ग्रीक नाटककार मिनँडर याचे ‘डिस्कोलोस’ हे नाटक इसवी सनपूर्व ३१६ मध्ये अथेन्सला सादर झाले. त्याची जवळजवळ संपूर्ण संहिता पपायरसवर सापडून १९५८ साली प्रसिद्ध झाली. त्यात एका श्रीमंत तरुणाचे मन एका माणूसघाण्या शेतकऱ्याच्या मुलीवर जडते. मुलीचा बाप, क्नेमोन, हाच अडसर. पुढे हा बाप विहिरीत पडतो, ज्या माणसांचा त्याला तिटकारा आहे त्यांनाच त्याला बाहेर काढावे लागते, आणि अडसर निघतो. रोमन नाटककार टेरेन्स याच्या ‘आन्द्रिया’त (इ. स. पू. १६६) मुलीचे हलके कूळ हा अडसर आहे, शेवटी ती चांगल्या नागरिकाचीच हरवलेली मुलगी निघते आणि सारे आलबेल होते.

हाच तोडगा आपल्याकडे कालिदासानेही वापरला आहे. ‘मालविकाग्निमित्रा’तली मालविका राणीची दासी म्हणून राजवाड्यात वावरते. दोन राण्यांचा रोष हा तिथला अडसर. विदूषक गौतम नृत्याचार्यांचे भांडण लावून देतो, साप चावल्याचे सोंग करतो आणि युक्त्याप्रयुक्त्यांनी राजाची भेट घडवतो. अखेर दासी ही विदर्भाची राजकन्या असल्याचे उघड होते. शृंगारापासून हास्य उत्पन्न होते, असे भरताने ‘नाट्यशास्त्रा’त सांगितले आहे. त्याच्या शास्त्रात शृंगाराच्या अनुकरणातून हास्य येते. आमच्या मते त्याला आणखीही एक कारण जोडता येईल. प्रेमात पडलेला माणूस स्वतःला फार गंभीरपणे घेतो आणि जगाला त्याचे हसू येते. विदूषक हा त्या जगाचा रंगमंचावरचा प्रतिनिधी असतो. आजच्या चित्रपटात नायकाचा जो एक खोडकर मित्र असतो, त्याचे कूळ शोधायला दूर जायला नको.

नॉर्थ्रप फ्राय यांनी ‘ॲनॅटमी ऑफ क्रिटिसिझम’ (१९५७) या ग्रंथात सुखात्मिकेचा हा सांगाडा उलगडून दाखवला. वाट अडवणारी पात्रे, त्यांच्या हाती असलेला जुना समाज, आणि शेवटी तरुण जोडप्याभोवती गोळा होणारा नवा समाज, अशी त्यांची मांडणी आहे. तिच्यातला एक मुद्दा आपण सहसा विसरतो. सुखात्मिकेच्या शेवटी होणारी पंगत वाट अडवणाऱ्यालाही शक्यतो सामावून घेते. क्नेमोनलासुद्धा शेवटी ओढून मेजवानीत आणतात. प्रणयसुखात्मिकेला दोघांच्या मीलनाइतकीच चारचौघांची संमतीही लागते, आणि ही संमती ऐतखाऊ नसावी, झगडून मिळवलेली असावी, अशी प्रेक्षकाची अपेक्षा असते.

१९३४ची घोंगडी

चित्रपटातल्या प्रणयसुखात्मिकेचा नमुना कोणता, असे विचारले तर फ्रँक काप्रा दिग्दर्शित ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) याचे नाव घ्यावे लागते. सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांच्या ‘नाइट बस’ या कथेवरून रॉबर्ट रिस्किन यांनी त्याची पटकथा लिहिली. कोलंबिया ही तेव्हा बड्या कंपन्यांच्या मानाने लहान कंपनी होती. क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोलबेर या दोघांनाही दुसऱ्या कंपन्यांकडून उसने आणावे लागले. चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा अशी पाचही प्रमुख ऑस्कर पारितोषिके मिळवणारा हा पहिला चित्रपट. त्यानंतर असे यश मिळायला १९७५ सालचा ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ यावा लागला.

कथा साधी आहे. कोट्यधीशाची हट्टी मुलगी एली बापाला न विचारता लग्न करून बसली आहे. बाप तिला नौकेवर अडकवून ठेवतो. ती पाण्यात उडी मारून निसटते आणि नवऱ्याला गाठण्यासाठी मायामीहून न्यूयॉर्ककडे जाणारी रात्रीची बस धरते. बसमध्ये भेटतो नोकरी गमावलेला वार्ताहर पीटर. त्याला बातमी हवी आहे, तिला सोबत हवी आहे. पैसे वाचवण्यासाठी दोघांना एका खोलीत रात्र काढावी लागते, तेव्हा पीटर दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधून तिच्यावर घोंगडी टाकतो आणि तिला ‘जेरिकोची भिंत’ म्हणतो. बायबलमधल्या कथेनुसार जेरिको नगराची तटबंदी रणशिंगांच्या आवाजाने कोसळली होती.

या घोंगडीतच प्रणयसुखात्मिकेचे सारे शास्त्र सामावले आहे, असे आम्हाला वाटते. अडसर दिसतो, पण अंगावर येत नाही. तो लोखंडी दारासारखा नाही. कुणीही हात लावला तर बाजूला सरेल इतका तकलादू आहे. आणि तरीही दोघे तो सारत नाहीत, कारण तो सारणे म्हणजे काय, हे दोघांनाही कळते. अडसर जितका तकलादू, तितका त्याला मान देणाऱ्यांचा संयम मोठा ठरतो. शेवटी पडद्यावर जोडपे दिसतही नाही. दिवा मालवतो, खेळण्यातल्या रणशिंगाचा आवाज येतो आणि घोंगडी खाली पडते.

परंतु ही घोंगडी नुसत्या लज्जेची नव्हती. १९३३च्या सुमारास अमेरिकेतले साधारण चौथा हिस्सा कामकरी बेकार होते. बापाच्या नौकेवरची मुलगी आणि खिशात मोजके डॉलर असलेला वार्ताहर यांच्यामध्ये मंदी उभी होती. बसमध्ये भुकेने बेशुद्ध पडणारी एक बाई आणि तिचे रडणारे पोर, हा प्रसंग काप्राने विनोदाच्या ऐन भरात घातला आहे. म्हणूनच शेवटाकडे पीटर जेव्हा दहा हजार डॉलरचे बक्षीस नाकारून प्रवासात झालेल्या खर्चाचे फक्त ३९ डॉलर ६० सेंट मागतो, तेव्हा प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी त्याला पीटरची किंमतही कळते. बापालाही ती कळते. जो वाट अडवत होता तोच मुलीला मांडवातून पळून जायला सांगतो. वाट अडवणारा बदलतो, आणि बदलण्याचे कारण प्रेक्षकाला पटते. हे साधले की यशाचा अर्धा गड सर होतो.

उरलेला अर्धा गड संवादांचा. १९३०मध्ये तयार झालेल्या नीतिसंहितेची हॉलिवुडात १९३४च्या मध्यापासून कसोशीने अंमलबजावणी सुरू झाली. पडद्यावर शरीरांना जवळ येता येईना, तेव्हा वाक्ये एकमेकांना भिडू लागली. शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मधल्या बिअॅट्रिस आणि बेनेडिक यांच्या शाब्दिक चकमकींचा वारसा या चित्रपटांकडे आला. ‘द ऑफुल ट्रूथ’ (१९३७), ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०), ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ (१९४०) यांत तर घटस्फोट झालेली जोडपी भांडता भांडता पुन्हा एकत्र येतात. तत्त्वज्ञ स्टॅनली कॅवेल यांनी ‘पर्स्यूट्स ऑफ हॅपिनेस’ (१९८१) या पुस्तकात अशा सात चित्रपटांना ‘पुनर्विवाहाच्या सुखात्मिका’ म्हटले. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की ही जोडपी बोलण्यातून एकमेकांना ओळखतात आणि बोलण्यासाठी दोघांनी समान पातळीवर असावे लागते. तुल्यबळ स्त्रीशिवाय प्रणयसुखात्मिका उभी राहत नाही, हा या काळाने दिलेला दुसरा धडा.

अपयशाचे उदाहरणही याच काळातले घेऊ. हॉवर्ड हॉक्सचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८) आज अभिजात मानला जातो, पण प्रदर्शित झाला तेव्हा त्याने निराशा केली. पुढे हॉक्सने स्वतःच त्याचे एक कारण सांगितले : चित्रपटातले प्रत्येक पात्र चक्रम होते, शहाणा माणूस एकही नव्हता. हे निदान मार्मिक आहे. सारेच वेडे असले की वेडेपणा मोजायला पट्टी उरत नाही. अडसर कळायला ज्या जगात तो अडसर आहे ते जग आधी उभे राहावे लागते.

सुभद्रेपासून रेवतीपर्यंत

आता आपल्याकडे वळू. मराठी चित्रपटातली प्रणयसुखात्मिका हॉलिवुडची उसनवारी आहे, असा एक समज आहे. उसनवारी झाली हे खरे. परंतु तिला रुजायला लागणारी जमीन संगीत नाटकाने पन्नास वर्षे आधीच तयार करून ठेवली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगमंचावर आले. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला देऊ केली आहे. तिचे मन अर्जुनावर आहे. अर्जुन संन्याशाच्या वेषात बलरामाच्याच घरी येऊन राहतो आणि बलराम बहिणीलाच त्याच्या सेवेला ठेवतो. वाट अडवणाऱ्यानेच वाट मोकळी करून द्यावी, आणि ते त्याला कळूही नये, ही योजना मिनँडरलाही आवडली असती. कृष्ण इथे देवाच्या भूमिकेत कमी आणि खोडकर मध्यस्थाच्या भूमिकेत अधिक आहे.

मात्र किर्लोस्करांना पुराणाकडे का जावे लागले, हा प्रश्न विचारला पाहिजे. १८८२ सालच्या पुण्यातल्या पांढरपेशा घरात मुलीचे लग्न तिला कळू लागण्याआधीच होत असे. लग्नापूर्वी प्रेमात पडणारी, आपल्या निवडीसाठी झुरणारी उपवर मुलगी त्या समाजात दाखवायची कुठून? ती पुराणातच सापडू शकत होती. प्रणयसुखात्मिकेला दोन प्रौढ आणि निवड करू शकणारी माणसे लागतात. समाजात ती नसतील तर नाटककाराला काळ बदलावा लागतो. समकालीन मुलगी आणली की काय होते, ते गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ने (१८९९) दाखवले. तिथे म्हाताऱ्याला विकली जाणारी मुलगी आहे आणि हसता हसता प्रेक्षकाच्या घशाशी आवंढा येतो.

त्याच देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ साली आले. मूळ मोलिएरचे, ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून देवलांकडे आले आणि पुरते मराठी होऊन गेले. एका तसबिरीवरून फाल्गुनरावाला कृत्तिकेचा, कृत्तिकेला फाल्गुनरावाचा, रेवतीला अश्विनशेठचा आणि अश्विनशेठला रेवतीचा संशय येतो. नाटक वर्गात शिकवताना आपण संशयाच्या साखळीवर बोलतो आणि रेवती नायकिणीची मुलगी आहे, ही गोष्ट कथानकाचा तपशील म्हणून सोडून देतो. आमच्या मते नाटकाची किल्ली तिथे आहे. घराबाहेर पडणारी, परपुरुषाशी बरोबरीने बोलणारी, रुसणारी, नकार देऊ शकणारी समकालीन स्त्री देवलांना कुलीन घरात मिळणे कठीण होते. ती नायकिणीच्या घरात मिळाली. आणि अश्विनशेठ तिच्याशी लग्न करू पाहतो, यात एक खरा सामाजिक अडसर दडलेला आहे. देवलांनी तो मोडून काढण्यासाठी भाषण केले नाही. त्यांनी प्रेक्षकाला तसबिरीच्या घोटाळ्यात इतके गुंतवले की घोटाळा सुटताच लग्नही त्याला हवेसे वाटू लागते. हशा अडसर कसा काढतो, याचा मराठीतला हा उत्तम वस्तुपाठ आहे.

व्रत, पैसा आणि जागा

१९३६ साली मास्टर विनायक, बाबुराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात हंस पिक्चर्सची स्थापना केली. तिचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) विनायकांनी दिग्दर्शित केला. लेखन आचार्य अत्रे यांचे. औदुंबर नावाचा सामान्य तरुण ब्रह्मचर्यावरचे व्याख्यान ऐकून भारावतो, नट्यांची चित्रे फेकून देतो, व्यायामाला लागतो आणि एका आश्रमवजा संस्थेत दाखल होतो. तिथे येते किशोरी. मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख तेव्हा गाजला आणि आजही ‘ब्रह्मचारी’ म्हटले की तेवढेच आठवते. तो पोशाख बाजूला ठेवून अडसराकडे पाहिले तर अत्र्यांची सूक्ष्म दृष्टी ध्यानात येते. इथे बाप नाही, राजा नाही, दारिद्र्य नाही. अडसर आहे तो औदुंबराच्या डोक्यातल्या एका आदर्शाचा, आणि हा आदर्श त्या काळच्या सभा-व्याख्यानांनी तरुणांच्या डोक्यात खरोखर भरला होता. प्रेक्षक स्वतःला आणि शेजाऱ्याला ओळखूनच हसत होता.

‘लाखाची गोष्ट’ (१९५२) मध्ये राजा परांजपे आणि ग. दि. माडगूळकर यांनी अडसर पैशाचा घेतला. पैसा नाही म्हणून लग्न नाही, ही नेहमीची तक्रार त्यांनी उलटी केली. मुलीचा श्रीमंत बाप कफल्लक तरुणापुढे लाख रुपये ठरावीक मुदतीत खर्च करून दाखवण्याची अट ठेवतो. महिन्याच्या पगारात कशीबशी तोंडमिळवणी करणाऱ्या मध्यमवर्गाला ही अट ऐकूनच गुदगुल्या झाल्या असणार. एरवी जो पैसा भिंत होऊन उभा राहतो, तो इथे खेळणे झाला.

त्यानंतरचा मराठी अडसर जागेचा. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी गोठली. जुन्या भाडेकरूंना आधार मिळाला, पण भाड्याने द्यायची नवी घरे बांधणे घरमालकांना परवडेना. गावाकडून येणाऱ्यांचा ओघ मात्र थांबला नाही. राजा ठाकूर दिग्दर्शित ‘मुंबईचा जावई’मध्ये (१९७०) लग्न आधीच झालेले आहे, समाजाची संमती आहे, घरच्यांचे प्रेमही आहे, नाही ती फक्त चाळीतल्या खोलीत नवराबायकोला एकांतात बसण्यापुरती जागा. काप्राच्या घोंगडीची ही उलटी बाजू होय. तिथे एका खोलीत दोघेच होते आणि मध्ये पडदा होता. इथे पडदा टाकायलाही कोपरा नाही. हा अडसर इतका खरा होता की बासू चटर्जींनी त्यावर ‘पिया का घर’ (१९७२) हा हिंदी चित्रपट केला. १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’ने हाच अडसर पुण्यात नेला. विवाहित जोडप्यांनाच खोली देणाऱ्या लीलाबाई काळभोरांमुळे चार मित्रांपैकी दोघांना साडी नेसावी लागते. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची (१९६६), परंतु वसंत सबनीसांच्या संवादांनी तिला असे काही मराठीपण दिले की तिचे मूळ कुणाला आठवतही नाही. यातला धनंजय माने ज्या माधुरीच्या प्रेमात पडतो ती त्याची मालकीण आहे. तुल्यबळ स्त्रीला आता पुराणात किंवा नायकिणीच्या घरात शोधावे लागत नव्हते.

उसन्या गोष्टीत अडसर कसा बदलतो, हे पाहायचे तर ‘इट हॅपन्ड वन नाइट’चे हिंदी अवतार पाहावेत : राज कपूर-नर्गिस यांचा ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि महेश भट्ट यांचा ‘दिल है कि मानता नहीं’ (१९९१). अमेरिकेतली एली विवाहित होती. ते लग्न रद्द होणे हा कथेचा भाग होता. हिंदीतल्या दोन्ही नायिका लग्न करण्यासाठी पळतात, लग्न झालेल्या नसतात. हिंदू विवाह कायद्याने १९५५ साली घटस्फोटाची वाट दिली, पण पडद्यावरच्या नायिकेला ती दिली नाही. ‘पुनर्विवाहाच्या सुखात्मिका’ आपल्याकडे का रुजल्या नाहीत, याचे उत्तर इथे आहे.

अडसर आत शिरतो

विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रकारापुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. बाप मवाळ झाले, मुली कमावू लागल्या, एकांत मिळू लागला. मग दोघांच्या मध्ये उरले काय? नोरा एफ्रन लिखित आणि रॉब रायनर दिग्दर्शित ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ने (१९८९) उत्तर दिले : ती दोघेच. त्यांना बारा वर्षे कुणीही अडवत नाही. मैत्री मोडेल या भीतीने तीच एकमेकांना अडवतात. हिंदीत ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने (१९९५) अगदी उलटी वाट धरली. पळून जाणे सहज शक्य असताना नायक पळत नाही. बापाच्या हातूनच मुलगी घेईन, असा हट्ट धरतो. विरत चाललेला अडसर नायकानेच पुन्हा उभा केला आणि मराठा मंदिरात तो हजार आठवड्यांहून अधिक काळ चालला. या यशात सनातनीपणाचा वाटा किती आणि आपल्या प्रेक्षकाला लागणाऱ्या ‘पंगती’चा किती, यावर वाद होऊ शकेल.

मराठीत हा आत शिरलेला अडसर सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने (२०१०) नेमका पकडला. लग्नासाठी मुलगा पाहायला, खरे तर त्याला नकार द्यायला, मुंबईची मुलगी पुण्यात येते आणि एका अनोळखी तरुणासोबत दिवस घालवते. जवळजवळ संपूर्ण चित्रपट दोघांच्या बोलण्यावर उभा आहे. अडसर आहे तो दोन शहरांच्या गर्वाचा आणि दोन माणसांच्या ताठ्याचा. कॅवेल यांनी सांगितलेली बरोबरीच्या संभाषणाची अट हा चित्रपट पाळतो. म्हणून तो तरला. त्यानंतर आलेले कितीतरी मराठी चित्रपट सुंदर घरे, परदेशातली स्थळे आणि दोन देखणे चेहरे घेऊन आले नि विसरले गेले, कारण त्यांत दोघांच्या मध्ये काही नव्हतेच. केवळ गैरसमज होता, आणि तोही एका फोनने मिटला असता. फाल्गुनरावाचा गैरसमजही एका वाक्याने मिटला असता. पण ते वाक्य त्याचा स्वभावच त्याला बोलू देत नाही. गैरसमजाखाली स्वभाव किंवा समाज नसेल तर तो अडसर होत नाही, फक्त वेळकाढूपणा होतो.

जो अडसर हशाने निघत नाही

इथवर आलेल्या अडसरांची यादी पुन्हा एकदा नजरेखालून घालू : बाप, व्रत, पैसा, जागा, ताठा. या यादीत जे नाही ते आता सांगितले पाहिजे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय असल्याचे मांडले. ‘ब्रह्मचारी’ त्यानंतर दोनच वर्षांनी आला. महाराष्ट्रात दोन प्रेमिकांच्या मध्ये उभा असलेला सर्वांत मोठा अडसर कोणता, हे अत्र्यांपासून पुढच्या साऱ्यांना माहीत होते. तरीही मराठी प्रणयसुखात्मिकेच्या मुख्य धारेने तो आपल्या कथेचा कणा केला नाही. तिच्यातली जोडपी बहुधा एकाच थरातली असतात. आडनावे सांगितली जातात, पण त्यांच्यावरून काही अडत नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ला (२०१६) आम्ही या इतिहासात म्हणूनच जागा देतो, शोकात्म शेवट असूनही. किंबहुना त्या शेवटामुळेच. त्याचा पूर्वार्ध प्रणयसुखात्मिकेच्या साऱ्या अटी काटेकोरपणे पाळतो. तुल्यबळ, किंबहुना नायकाहून धीट अशी आर्ची आहे. लंगड्या आणि सल्या हे गौतम विदूषकाचे वारसदार आहेत. चिठ्ठ्या पोचवणारे पोर आहे, विहिरीतली उडी आहे, चित्रपटगृहभर हशा आहे. वाट अडवणारा बापही आहे. पाटलाची मुलगी आणि खालच्या मानलेल्या जातीतला, मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा यांच्यामधला अडसर प्रेक्षकाला ठाऊक असतो. पण अडीच हजार वर्षांच्या सवयीने त्याला वाटत राहते की बाप विहिरीत पडेल, त्याला कुणी बाहेर काढेल, आणि पंगत बसेल. उत्तरार्धात आहेर घेऊन माणसे येतातही. त्यानंतर जे घडते ते सांगायला नको. प्रेक्षागृहातली ती शांतता केवळ एका जोडप्याच्या मृत्यूची नव्हती. एक साहित्यप्रकार आपल्या समाजाच्या सीमेवर येऊन थांबला होता, याची ती जाणीव होती.

यावरून प्रणयसुखात्मिका हा खोटा प्रकार आहे, असा निष्कर्ष कुणी काढू नये. आम्हाला उलट वाटते. कोणता अडसर हसून काढता येतो आणि कोणता नाही, हे समाजाच्या प्रकृतीचे सर्वांत प्रामाणिक मोजमाप आहे. १८८२ साली समकालीन मुलीच्या निवडीवर हसता येत नव्हते; १९१६ साली नायकिणीच्या मुलीच्या लग्नावर हसता हसता संमती देता आली; १९३८ साली ब्रह्मचर्याच्या बडेजावावर हसता आले. प्रत्येक वेळी हशा एक पाऊल पुढे सरकला. तो आपोआप सरकला नाही. कुणीतरी लेखकाने धाडस केले, अडसर नेमका हेरला, त्याला मान दिला आणि मग प्रेक्षकाच्या हातूनच तो काढवून घेतला.

तेव्हा प्रणयसुखात्मिकेच्या यशाची सूत्रे मांडायचीच झाली तर ती अशी मांडता येतील : अडसर त्या समाजाच्या मातीतला असावा, दोघे बोलण्यात तुल्यबळ असावेत, दोघांचे हसू करणारे, पण त्यांच्या बाजूचे असे कुणी शेजारी असावे, आणि वाट अडवणाऱ्याचे मन वळण्याचे कारण प्रेक्षकाला आपले वाटावे. चित्रपटावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी एखादी प्रणयसुखात्मिका हाती घेतली तर प्रेम कसे जमले, हे लिहिण्याआधी मध्ये काय होते आणि ते कुणी बाजूला केले, एवढे दोनच प्रश्न तिला विचारून पाहावेत. जातीचा अडसर हशाने निघाला आणि पंगतीला सारे बसले, असा मराठी चित्रपट ज्या दिवशी खोटा न वाटता यशस्वी होईल, त्या दिवशी चित्रपटाइतकाच समाजही पुढे सरकलेला असेल. तोवर ‘संशयकल्लोळ’ शिकवताना रेवतीच्या घराचा पत्ता टाळू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.